जेवढा कर, तेवढी मतं : स्वीडन, १८६२ ते १९३८

स्वीडनचं नाव निघालं की समतेचा विषय निघतो, आणि त्यामागचं कारणही बहुतेकांच्या तोंडी तयार असतं. तिथला शेतकरी कधी भूदास नव्हता, त्याला शतकानुशतकं संसदेत स्वतःचं सभागृह होतं, माणसं पहिल्यापासून एकमेकांना बरोबरीने वागवत आली. मग पुढे कल्याणकारी राज्य उभं राहिलं यात नवल ते काय? यातल्या पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत. त्यांवरून काढलेला निष्कर्ष मात्र टिकत नाही. १९१०च्या आसपास स्वीडनमधल्या खासगी संपत्तीचे पाचांतले चार हिस्से, किंबहुना थोडे जास्तच, सर्वांत श्रीमंत दहा टक्क्यांकडे होते. मताधिकारात तर हा देश शेजाऱ्यांच्याही मागे होता. डेन्मार्कने १८४९मध्येच घरदार असलेल्या बहुतेक पुरुषांना मत दिलं, नॉर्वेने १८९८मध्ये सर्व पुरुषांना, आणि रशियाच्या झारच्या अमलाखाली असलेल्या फिनलंडने १९०६मध्ये स्त्री-पुरुष सगळ्यांना. स्वीडनमध्ये त्या काळात गावच्या सभेत 'एक माणूस, एक मत' हा हिशेबच नव्हता. जो जितका कर भरेल तितकी त्याची मतं.

हे प्रकरण निवडलं ते याच कारणाने. पैसा आणि सत्ता यांचं साटंलोटं बहुतेक ठिकाणी आडपडद्याने चालतं. देणग्या, ओळखीपाळखी, वर्तमानपत्रांची मालकी. तिथे कोणाच्या पैशाचं किती वजन पडलं हे मोजायला गेलं की हाती काही लागत नाही. स्वीडनने मात्र ते वजन कायद्यात लिहून ठेवलं होतं आणि दर गावच्या नोंदवहीत आकड्यांनी मांडलं होतं.

दोन सभागृहं आणि एक नोंदवही

१८६६पर्यंत स्वीडनच्या संसदेत, म्हणजे रिक्सदागमध्ये, चार सभागृहं होती : सरदार, धर्मगुरू, नगरवासी आणि शेतकरी. कारखानदार, इंजिनिअर, पगारी नोकर यांना यांतल्या कुठल्याच खणात नीट जागा नव्हती. न्यायमंत्री लुई दे येर यांनी ही चौकट मोडून दोन सभागृहांची योजना आणली. डिसेंबर १८६५मध्ये सरदारांच्या सभागृहाने ३६१ विरुद्ध २९४ मतांनी स्वतःचाच हक्क संपवायला मान्यता दिली. या प्रसंगाचं कौतुक स्वीडिश इतिहासात भरपूर झालं आहे आणि त्यात तथ्यही आहे. पण सरदारांना फार काही गमवावं लागणार नव्हतं, हेही तितकंच खरं.

नव्या कनिष्ठ सभागृहासाठी मत हवं असेल तर पुरुषाकडे किमान १,००० रिक्सदालरची स्थावर मालमत्ता हवी, किंवा ६,००० रिक्सदालर मूल्याची जमीन दीर्घ मुदतीच्या खंडाने हवी, नाहीतर वर्षाला ८०० रिक्सदालरचं करपात्र उत्पन्न हवं. सज्ञान पुरुषांपैकी साधारण पाचात एक या चाळणीतून खाली उतरत होता. वरिष्ठ सभागृहासाठी उभं राहायचं तर ८०,००० रिक्सदालरची मालमत्ता किंवा वर्षाला ४,००० रिक्सदालरचं उत्पन्न हवं. देशभरात असे जेमतेम सहा हजार लोक होते. सदस्यत्व नऊ वर्षांचं, वेतन शून्य.

पण खरी मेख या दोन्हींच्या खाली होती. वरिष्ठ सभागृह निवडायच्या जिल्हा परिषदा आणि मोठ्या शहरांच्या नगरसभा. जिल्हा परिषदा निवडायच्या गावोगावच्या सभा. आणि या सभांतलं मतदान चालायचं १८६२च्या स्थानिक कायद्याने. त्या कायद्यानुसार जमीन आणि उत्पन्न यांवरच्या कराप्रमाणे प्रत्येकाच्या नावावर 'फ्युर्क' नावाची एककं लागत. जितके फ्युर्क, तितकी मतं. शहरांत एका व्यक्तीला कमाल शंभर मतांची मर्यादा होती. खेड्यांत १९००पर्यंत कसलीच मर्यादा नव्हती.

गावच्या सभेचं चित्र डोळ्यांपुढे आणून बघा. सभागृहात तीस-चाळीस शेतकरी बसलेले. हात वर होतात, बहुमत सरळ दिसतं. मग कोणीतरी मोजणीची मागणी करतो, नोंदवही उघडते, आणि जहागिरीच्या कारभाऱ्याने मालकाच्या वतीने टाकलेली हजारो मतं एका बाजूला जाऊन बसतात. विषय काय, तर शाळेला खोली बांधायची की नाही, रस्ता कुठून न्यायचा, यंदा स्थानिक कर किती लावायचा. १८७१ साली अशी ५४ गावं होती जिथे एकाच मतदाराकडे निम्म्याहून अधिक मतं होती. १८८०च्या दशकात पंतप्रधान झालेले काउंट आर्विद पोस्से हेही आपल्या गावात असेच एकहाती बहुमतवाले. मत देणारा माणूसच असायला हवा अशीही अट नव्हती : कंपन्यांनाही करानुसार मतं होती. उत्तरेकडच्या लाकूड गिरण्यांच्या पट्ट्यात गिरणीचा व्यवस्थापक मजुरांची मजुरी ठरवायचा, आणि तोच कंपनीच्या मतांवर गावची सभाही चालवायचा. याच कायद्याने कर भरणाऱ्या अविवाहित स्त्रिया आणि विधवा यांनाही स्थानिक मत दिलं होतं. पैशाने मोजायचं ठरलं की लिंगभेदसुद्धा मागे पडतो, हे या व्यवस्थेचं एक विचित्र टोक.

यात एक फास होता, जो मला साऱ्या रचनेत सगळ्यात बोलका वाटतो. गरिबांना मदत द्यायची की नाही हे गावची सभा ठरवायची. १८७१च्या कायद्याने ही मदत आणखी आखडती केली. आणि ज्याने मदत घेतली त्याला मताचा हक्क नाही. म्हणजे कोणाला मत नसेल हे ठरवण्याचा एक दोर ज्यांच्याकडे मतांचा ढीग आहे त्यांच्याच हातात.

अकरा क्रोनर अठ्ठावन्न ओरे

कर आणि नागरिकत्व एकमेकांना बांधले की काय होतं, याचा नमुना १८८७च्या निवडणुकीत मिळतो. रशिया-अमेरिकेतून स्वस्त धान्य येऊ लागलं होतं. मोठ्या जमीनदारांना आयातीवर जकात हवी होती, शहरांतल्या लोकांना स्वस्त पाव हवा होता. सगळं राजकारण या एका प्रश्नाभोवती फिरत होतं. त्या शरद ऋतूत स्टॉकहोमच्या सर्व २२ जागा खुल्या व्यापाराच्या बाजूने गेल्या.

मग कोणीतरी कर-नोंदी उकरल्या. निवडून आलेल्या २२ जणांपैकी एकाकडे काही वर्षांपूर्वीचा स्थानिक कर थकलेला होता. रक्कम ११ क्रोनर ५८ ओरे (ओरे म्हणजे क्रोनरचा शंभरावा भाग). थकबाकीदार असल्याने तो अपात्र. ज्या मतपत्रिकांवर त्याचं नाव त्या सगळ्या बाद. आणि मतपत्रिका २२ नावांच्या एकत्र यादीची असल्याने बाकीच्या २१ जणांची मतंही तिच्याबरोबर बुडाली. कितीतरी कमी मतं मिळालेले जकातवादी राजधानीच्या साऱ्या जागांवर जाऊन बसले. पंतप्रधान थेम्प्टांडर यांचं सरकार गेलं आणि १८८८मध्ये धान्यावर जकात आली. म्हणजे बारा क्रोनरहून कमी थकबाकीवर देशभरच्या पावाचा भाव ठरला.

यात कोणी कायदा मोडला नाही, आणि म्हणूनच ही घटना अभ्यासाची. नियम जसा होता तसा चालला. निकाल जमीनदारांच्या बाजूने लागला तो योगायोग म्हणायला हरकत नाही. पण कर-पावतीवर नागरिकत्व टांगलेलं असेल तर असे योगायोग एकाच दिशेने घडण्याची शक्यता जास्त असते.

शेतकऱ्यांनी काय केलं

आता त्या स्वतंत्र शेतकऱ्याकडे येऊ. १८६६नंतर कनिष्ठ सभागृहात शेतकऱ्यांच्या पक्षाचा वरचष्मा होता. समतेची परंपरा त्यांच्या रक्तात असती तर मताधिकार रुंदावण्याची मागणी इथूनच उठायला हवी होती. प्रत्यक्षात त्यांनी आपल्या मतांचा वापर एका जुन्या दुखण्यावर केला : जमिनीवरचे पिढीजात कर. सैन्यासाठी पैसा हवा असलेल्या सरकारशी त्यांनी वीस वर्षं घासाघीस केली आणि १८९२च्या तडजोडीत ते कर टप्प्याटप्प्याने रद्द करून घेतले. शेतमजूर, कूळ, गिरणी कामगार यांना मत मिळालं असतं तर शेतकऱ्यांच्याच जागा धोक्यात आल्या असत्या. याला मी त्यांचा कोतेपणा म्हणणार नाही. ज्याच्या हाती मर्यादित मताधिकाराची मलई आहे तो ती वाटून खायला क्वचितच तयार होतो, मग त्याचे आजोबा कितीही स्वतंत्र असोत.

ज्यांना मत नव्हतं त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या. एक बोटीची. १८५०नंतरच्या आठ दशकांत बारा लाखांहून अधिक माणसं अमेरिकेला निघून गेली. दुसरी वाट एकत्र येण्याची, आणि ती सुरुवातीला फार खडतर निघाली. १८७९मध्ये सुंड्सवालच्या लाकूड गिरण्यांतल्या सुमारे पाच हजार मजुरांनी मजुरी-कपातीविरुद्ध संप केला. राज्यपालाने सैन्य बोलावलं, बंदरात तोफांच्या नावा उभ्या केल्या, आणि कामावर न परतणाऱ्यांना भटके ठरवून पकडलं जाईल असं जाहीर केलं. संप मोडला.

त्यानंतरच्या वीस वर्षांत जे घडलं ते संसदेबाहेर घडलं. मुक्त धर्मसभा, दारूबंदीचे मेळावे, मजूर संघटना अशा जनआंदोलनांचं जाळं गावोगाव विणलं गेलं. इथे अध्यक्ष निवडताना, वर्गणी ठरवताना प्रत्येक सभासदाला एकच मत असायचं. रविवारी प्रार्थनागृहात आणि शनिवारी दारूबंदीच्या सभेत इतिवृत्त लिहायला, ठराव मांडायला, हिशेब तपासायला शिकलेला मजूर गावच्या सभेत मात्र शून्य फ्युर्कचा धनी. १८८९मध्ये सोशल डेमोक्रॅटिक पक्ष, १८९८मध्ये मजूर संघटनांचा महासंघ. १८९३ आणि १८९६मध्ये तर मताधिकारवाद्यांनी स्वतःच 'लोकसंसद' भरवली. खऱ्या संसदेत सोशल डेमोक्रॅटांचा पहिला माणूस, यालमार ब्रांटिंग, १८९६मध्ये पोचला, तोही उदारमतवाद्यांच्या यादीतून.

कायद्याच्या आतही एक भगदाड पडत चाललं होतं. ८०० क्रोनरची (तेव्हाच्या ८०० रिक्सदालरची) अट १८६६मध्ये घातलेली. पुढे मजुरी वाढत गेली आणि आकडा जागच्या जागी राहिला. कोणतीही दुरुस्ती न होता कुशल कामगार एकेक करून मतदारयादीत येऊ लागले. अट महागाईशी जोडायचं त्या वेळी कोणाला सुचलं नाही, हे सत्ताधाऱ्यांचं दुर्दैव.

तिसरा धक्का सरकारनेच ओढवून घेतला. १९०१मध्ये सक्तीची लष्करभरती वाढवली गेली, आणि रस्त्यावर घोषणा आली : एक माणूस, एक मत, एक बंदूक. जो देशासाठी मरायला चालतो तो मत द्यायला का चालत नाही, याचं उत्तर उजव्या पक्षाकडे नव्हतं. मे १९०२मध्ये सुमारे १,२०,००० कामगारांनी मताधिकारासाठी तीन दिवस काम बंद ठेवलं. संसदेने प्रश्न अभ्यासासाठी पुढे ढकलला.

सौदा

मताधिकार शेवटी दिला तो उजव्या पक्षाच्या पंतप्रधानाने, आर्विद लिंडमन यांनी. १९०७ आणि १९०९ असे दोनदा मंजूर झालेले त्यांचे प्रस्ताव वाचताना उदारपणापेक्षा हिशेबीपणा जास्त जाणवतो. कनिष्ठ सभागृहासाठी २४ वर्षांवरील पुरुषांना मत, पण कर थकलेला नसावा, गरिबांची मदत घेतलेली नसावी, लष्करी सेवा पूर्ण असावी. त्याच्या बदल्यात दोन्ही सभागृहांना प्रमाणशीर प्रतिनिधित्व, म्हणजे उजवे अल्पमतात गेले तरी पुसले जाणार नाहीत. आणि स्थानिक मतांवर नवी कमाल मर्यादा : चाळीस. हजारोंवरून चाळीसवर येणं ही मोठी घसरण खरीच, पण वरिष्ठ सभागृह सांभाळायला चाळीसही पुरेसे होते. स्वतः ठरवलेल्या अटींवर माघार घ्यायची हा त्यामागचा विचार. मतदार सुमारे पाच लाखांवरून दहा लाखांवर गेले.

याच १९०९च्या ऑगस्टमध्ये मोठा संप झाला. सुमारे तीन लाख कामगार त्यात उतरले आणि सपशेल हरले. महासंघाचे निम्म्याच्या आसपास सभासद पुढच्या काळात गळाले. दोन वर्षांनी, १९११च्या निवडणुकीत, त्याच कामगारांच्या मतांनी संसदेचा रंग बदलला. कारखान्याच्या फाटकावर ताकद उरली नव्हती तेव्हाच ती मतपेटीत आली, हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. 'संघटित कामगारांच्या बळापुढे सत्ता झुकली' एवढ्या एका वाक्यात हे प्रकरण बसत नाही.

उरलेली गाठ युद्धाने सोडवली. स्वीडन पहिल्या महायुद्धात तटस्थ होता, तरी १९१७च्या एप्रिलपासून शहराशहरांत भुकेचे मोर्चे निघाले. त्या शरदात निल्स एदेन यांच्या नेतृत्वाखाली उदारमतवादी आणि सोशल डेमोक्रॅट यांचं सरकार आलं. १९१८च्या वसंतात वरिष्ठ सभागृहाने स्त्रियांच्या मताधिकाराचा प्रस्ताव फेटाळला, याआधी साडेतीन लाख स्त्रियांनी सह्या करून मागणी केलेली असूनही. नोव्हेंबरात जर्मनीत कैसर पळाला, सैनिकांच्या आणि कामगारांच्या समित्या उभ्या राहिल्या. १७ डिसेंबरला स्टॉकहोममधल्या त्याच सभागृहाने, त्याच सदस्यांनी, करानुसार मतं रद्द केली आणि स्त्रियांचा मताधिकार मान्य केला. आठ-नऊ महिन्यांत देशातली संपत्तीची वाटणी तसूभरही बदललेली नव्हती. बदलली होती ती नकार देण्याची किंमत. तरीही जाता जाता एक खुंटा ठोकून ठेवलाच : जिल्हा परिषदांच्या, म्हणजे पर्यायाने वरिष्ठ सभागृहाच्या, मतदारासाठी वयाची अट २७ वर्षं.

समान मतांनंतरची सतरा वर्षं

सप्टेंबर १९२१मध्ये पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. अर्थशास्त्रातलं एक लोकप्रिय प्रतिमान सांगतं की जिथे मधल्या मतदाराचं उत्पन्न सरासरीहून कमी असतं तिथे समान मतांचा परिणाम म्हणून फेरवाटप यायला हवं. कागदावर स्वीडन त्यासाठी आदर्श. प्रत्यक्षात १९२०चं दशक अल्पमतातल्या, पडणाऱ्या सरकारांचं गेलं. सोशल डेमोक्रॅटांचं रिकार्ड सांडलर यांचं सरकार १९२६मध्ये पडलं, तेही बेकारांना संप चालू असलेल्या खाणीत कामाला पाठवावं की नाही या वादावर. १९२८मध्ये पक्षाने वारसाकर वाढवण्याचा प्रस्ताव घेऊन निवडणूक लढवली. विरोधकांनी तो मालमत्ता लुटण्याचा डाव म्हणून रंगवला, आणि मतदारांनी, ज्यांतल्या बहुसंख्यांकडे वारशाने द्यायला काही नव्हतं, पक्षाच्या जागा कमी केल्या.

उलट बाजूने पाहा : चढत्या दराचा आयकर १९०२मध्ये आला, संपत्तीवरचा कर १९१०मध्ये, सर्वांसाठी वृद्धापकाळाचं पेन्शन १९१३मध्ये. ही तिन्ही पावलं समान मतांच्या आधीची. पहिल्याची गरज सैन्याच्या खर्चातून आली. प्रतिमानाला हवा तसा क्रम इथे सापडत नाही.

फेरवाटपाला खरी गती आली ती १९३२नंतर, मंदीत, पेर आल्बिन हान्सन यांच्या सरकारात. त्यासाठी १९३३मध्ये त्यांना शेतकऱ्यांच्या पक्षाशी सौदा करावा लागला : तुमच्या लोणी-धान्याला संरक्षण, आमच्या बेकारांना बाजारभावाने सार्वजनिक कामं. स्वीडनमध्ये या व्यवहाराला लोक 'गाईंचा बाजार' म्हणू लागले. १८९२मध्ये जमिनीच्या करासाठी घासाघीस करणारा शेतकरी इथेही घासाघीसच करतोय. फक्त समोरच्या बाकावर आता मजुरांचा पक्ष आहे, कारण मजुरांना मतं आहेत. संस्था बदलल्याचा हा मला दिसणारा सर्वांत ठोस परिणाम. सौद्याला बसणारी माणसं बदलली.

१९३८च्या साल्तशोबादेन करारात मालक आणि कामगार यांनी सरकारला बाजूला ठेवून आपसांत नियम ठरवले. कारखान्यांची मालकी आणि व्यवस्थापन मालकांकडेच राहिलं. इथे एक तपशील जोडायचा मोह आवरत नाही. अनेक मोठ्या स्वीडिश कंपन्यांत 'अ' आणि 'ब' असे दोन वर्गांचे शेअर असतात, आणि 'अ' शेअरला कितीतरी पट मतं असतात. एरिक्सन या दूरसंचार कंपनीत एका 'अ' शेअरचं मत हजार 'ब' शेअरांच्या मतांइतकं होतं, २००४पर्यंत. मोजक्या घराण्यांच्या हाती मोठमोठे उद्योग टिकून राहिले त्यात या रचनेचा मोठा वाटा आहे. गावच्या सभेतून हद्दपार झालेली पद्धत भागधारकांच्या सभेत राजरोस नांदत होती आणि सोशल डेमोक्रॅटांनी चव्वेचाळीस वर्षं, मधला एक उन्हाळा सोडला तर अखंड, राज्य करताना तिला फारसा हात लावला नाही.

१९७०च्या दशकात वरच्या दहा टक्क्यांचा संपत्तीतला वाटा निम्म्याहून थोडा अधिक इथवर उतरला. पुढे वारसाकर २००४च्या अखेरीस रद्द झाला, आणि तो सोशल डेमोक्रॅटिक सरकारने रद्द केला. संपत्ती-कर २००७मध्ये उजव्या आघाडीने काढला. आज उत्पन्नाच्या वाटणीत स्वीडन जगातल्या कमी विषम देशांत आहे, संपत्तीच्या वाटणीत युरोपातल्या अधिक विषम देशांत. दोन्ही आकडे एकाच राज्यघटनेखालचे, आणि त्या घटनेत प्रत्येकाला एकच मत आहे.